थोंगइनने दोनदा सांगितलेलं वजन

थोंगइन माझ्याशेजारी वर्षानुवर्षं उभा राहिला, पण त्याच्याबद्दल मला फार थोडं ठाऊक होतं. बायको वारलेली, एक मुलगी, चहात साखर जास्त. एवढंच.

मेकाँग नदीच्या धक्क्यावर चीनकडून सफरचंदांच्या बोटी लागत. कस्टमचा साहेब सावलीत बसून मनाला येईल त्या पेटीकडे बोट दाखवी. थोंगइन ती काट्यावर चढवी आणि वजन मोठ्याने ओरडे. व्यापाऱ्याच्या माणसालाही ऐकू जावं म्हणून. मी लिहून घेई. एक पेटी जरी कागदावरच्या वजनापेक्षा जड निघाली, तर अख्खी बोट अडे.

त्या दिवशी बोटीतला माल शेठ हेंगचा होता. त्याचा माणूस वीरा सकाळीच आला. थोंगइनच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "लेक सायकलनेच जाते ना रे शाळेत? नदीकाठचा रस्ता फार सुनसान. जपायला सांग हो."

थोंगइन काटा पुसत राहिला. त्याची मान घामाने भिजली होती.

साहेबाने मागच्या रांगेतली पेटी दाखवली. कागदावर अठरा किलो होते. काटा तेविसावर थांबला. थोंगइन बघतच राहिला. माझ्या हातातली पेन्सिल ओली झाली.

वीरा लिचीसारखी लोंगान फळं सोलून खात होता. "बोल की दादा! आकडे विसरलास, की चष्मा घरी राहिला?"

हमाल हसले.

"तेवीस," थोंगइन म्हणाला. जेमतेम मला ऐकू आलं.

"काय?" साहेब ओरडला. "जेवला नाहीस का? पुन्हा सांग!"

आता 'अठरा' म्हणता आलं असतं. मी मनात तेच म्हणत होतो. थोंगइनने डोळे मिटले.

"तेवीस किलो!"

हमालांचं हसू थांबलं. वीराने बी थुंकली आणि थोंगइनकडे बघून गोड हसला. मग तो फोन कानाला लावून फाटकाकडे निघाला.

थोंगइन खरं का बोलला, हे मला आजही सांगता येत नाही. तो पुन्हा धक्क्यावर आला नाही. माझी मोटरसायकल त्याच्या मेव्हण्याने आणून दिली. बापलेक सुखरूप आहेत म्हणाला. कुठे, ते मी विचारलं नाही.

वीरा फाटकाबाहेर जाताच थोंगइनने माझ्याकडे मोटरसायकलची किल्ली मागितली होती.

"शाळेपर्यंत पुरेल ना पेट्रोल?"

"पुरेल. पहिली किक लागत नाही, दुसरी मार."

"बरं, दादा."