उजव्या कुशीवर चार तास

क्षयाच्या गोळ्या सहा महिने खाऊनही तानाबाईचा खोकला हटला नाही, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी उजव्या फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा काढायचं ठरवलं. सीटी स्कॅनमध्ये बघत बघत सुई घालायची. काहींच्या छातीत थोडी हवा भरते, बहुतेकदा ती आपोआप जिरते. गाठ कसली ते मात्र बहुधा कळतंच, असं त्यांनी समजावलं. सुई लागली की गाठ पसरते, असं तिच्या नवऱ्याने, पुंडलिकरावांनी, दारव्ह्याच्या बाजारात ऐकलं होतं. सुनेने, दिपालीने, कशीबशी त्यांची सही घेतली.

सुई गेली तेव्हा तानाबाई सांगितल्याप्रमाणे श्वास धरून राहिली. फार दुखलंही नाही. पुढे चार तास उजव्या कुशीवर पडून राहायचं होतं. उठलं तर हवा भरायची भीती.

दिपाली औषधं आणायला खाली गेली आणि दारात भासरे आले, पुंडलिकरावांचे थोरले भाऊ गोविंदराव. बत्तीस वर्षांत तानाबाई त्यांच्यासमोर कधी आडवी झाली नव्हती, एक शब्द बोलली नव्हती. हातावर जोर देऊन ती उठली, पदर डोक्यावरून ओढला आणि खाटेशी उभी राहिली. त्यांनी खिडकीकडे बघत तब्येत विचारली, गावच्या पाऊसपाण्याचं सांगितलं. ते जाईपर्यंत ती उभीच होती.

संध्याकाळच्या एक्स-रेत हवा दिसली. उठला होतात का, असं डॉक्टरांनी विचारलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. हवा काढायला नळी घालावी लागली नाही. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर होता, पण लहान, ऑपरेशन करून काढण्यासारखा. ओसरीवर दोघे भाऊ बसले होते.

"सुईनं फुफ्फुस फोडलं," गोविंदराव म्हणाले. "आता चाकू लावू देतं काय?"

"नाही देत," पुंडलिकराव म्हणाले. "मले तवाच समजाले पाह्यजे होतं."

आत दिपालीजवळ बसून तानाबाई तूरडाळ निवडत होती. भीती वाटत नव्हती, रागही येत नव्हता. हात आपले चालले होते.

"सुईनं नाही झालं," ती दाराआडून म्हणाली. "मी उठली होती. मोठे आले म्हणून."

ओसरीवर गोविंदरावांच्या चपला वाजल्या, फाटक लागलं. पुंडलिकराव आत आले, दिपालीकडे बघून विचारलं, "ऑपरेशनले कवा बोलावलं?"

"सोमवारी."

तानाबाईने एक खडा बाजूला टाकला.