माझी पंचेचाळीस गुणसूत्रं

हे मी बाहेर कुणाला कधी सांगितलेलं नाही. घरात सांगायलाच चार वर्षं गेली — तर बाहेरचं काय घेऊन बसलात. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हेही एक भित्रेपणच म्हणा.

मी पांढुर्ण्याचा. रोज बसने सौंसरला जातो आणि बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. माझा लाडका विषय म्हणजे सेंट्रोमिअर — गुणसूत्राची कंबर. पेशीची वाटणी होताना ओढणारे दोरे इथेच येऊन अडकतात. आणि एवढ्या महत्त्वाच्या जागी लिहिलंय काय? एकच ओळ. डीएनएच्या एकशे एकाहत्तर अक्षरांची, थोड्याथोड्या फरकाने, हजारो वेळा. शिक्षा म्हणून पोरांना लिहायला लावतो ना, तशी. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, माणूस — कंबर सगळ्यांना आहे, काम तेच आहे, पण तिथला मजकूर प्रत्येकाचा निराळा. जी जागा मुळीच बदलू नये असं वाटावं, तीच भराभर बदलत आली. मला याची अजून मौज वाटते.

मग मी दोन खडू घेऊन पुढची गोष्ट सांगायचो. या वानरांना गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या, आपल्याला तेवीस. आपल्या कुण्या पूर्वजात दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळली. एका गुणसूत्राला दोन कंबरा झाल्या, त्यातली एक गप्प बसली. तिच्या त्या ओळींचे झिजलेले तुकडे आजही तुमच्या-माझ्या पेशीत आहेत. पोरं खडूंकडे बघतच राहायची.

चार वर्षांपूर्वी मी ही गोष्ट सांगणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, परीक्षेत येत नाही. का बंद केलं — तेच तर सांगायचंय. आणि तिथेच जीभ अडखळते.

माझी बायको करुणा. ती तिगावच्या शाळेत अतिथी शिक्षिका होती, स्कूटीवर जायची-यायची. आमचं पहिलं मूल पोटात असतानाच, तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरंही तसंच. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासायला घेतलं. रिपोर्ट माझ्या फोनवर आला. मी बसमध्ये होतो. करुणाचा अगदी व्यवस्थित होता. माझा — शेहेचाळीसऐवजी पंचेचाळीस. तेरा नंबरचं आणि चौदा नंबरचं, एकेक गुणसूत्र कमरेपाशी एकमेकांना जुळलेलं. मला स्वतःला काही त्रास नाही. पण वाटणीच्या वेळी हिशेब चुकतो आणि गर्भ टिकत नाही. हे मला डॉक्टरांनी समजावण्याची गरज नव्हती, नाही का? खाली एक ओळ होती — अशा जोडप्याला निरोगी मूल होऊ शकतं, दोघांनी सल्ल्यासाठी यावं.

मी घरी येऊन सांगितलं, दोघांचेही नॉर्मल आहेत.

बस, एवढंच. ऐकायला किती साधं — कुणावर आळ नाही, काही नाही. पण मूल बाईच्या पोटातून जातं, तेव्हा दोघं नॉर्मल असले तरी बोट कुणाकडे जातं? आई म्हणाली, ‘‘गाडीचे धक्के लागते पोटाले. सोडून दे ते नोकरी.’’ करुणा माझ्याकडे बघत राहिली. मी ताटाकडे बघत राहिलो. आठवडाभराने ती नोकरी सोडायला तयार झाली, आणि तो अर्ज मी लिहून दिला. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं लिहिलं — कुणाच्या प्रकृतीच्या, ते मलाच ठाऊक होतं.

त्यानंतर ती जिना चढतानाही पोटावर हात ठेवायची. पोटात कुणी नसतानाही. मी ते रोज पाहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माझ्यासारख्यांनाच. मला कशाची भीती होती? आई हसली नसती, शाळेत कुणाला कळलंही नसतं. दोष माझ्यात आहे, हे मला फक्त करुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मागच्या महिन्यात वर्गात लोधीखेड्याची एक मुलगी उठली. फोनवर तिने ते चोवीस-तेवीस कुठेतरी पाहिलं होतं. म्हणाली, ‘‘सर, मंग ज्याच्यात ते पहिल्यांदा जुळले, त्याले लेकरं कशी झाली?’’

परीक्षेत येत नाही, हे ओठावर आलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. म्हणालो, काही टिकली नसतील. काही टिकली. जी टिकली, त्यांचेच आपण सगळे.

आणि बोलता बोलता मला आनंद झाला. खरंच सांगतो, आधी आनंद झाला, लाज मागाहून आली. म्हणजे जुळलेल्या गुणसूत्राच्या माणसाचा वंश चालतो — आख्खी माणूसजात चालली! आणि ही आशा मी करुणापासून चार वर्षं लपवली होती.

त्या संध्याकाळी ती दोरीवरचे कपडे काढत होती. मी जुना रिपोर्ट तिच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं. तिने तो दोनदा वाचला.

‘‘म्हंजे मी गाडी सोडली, शाळा सोडली, अन् तुमी पाहून राहिले होते?’’

मी हो म्हटलं. ती रडली नाही. आईला मी स्वतःच सांगितलं. ती उठून आत गेली आणि करुणाजवळ बसली. दहाव्या दिवशी करुणाने स्कूटी दुरुस्तीला टाकली, तिगावच्या शाळेत जाऊन नवा अर्ज देऊन आली — स्वतःच्या अक्षरात. मग मला म्हणाली, मंगळवारची सुट्टी काढा, नागपूरला जायचं आहे. डॉक्टरबाईंनी तासभर नीट समजावलं. वाट लांबची आहे, पण आहे. करुणा प्रश्नामागून प्रश्न विचारत होती, मी ऐकत होतो.

निघताना फॉर्म भरायचा होता. मोबाईल नंबराच्या रकान्यापाशी मी पोहोचलो, तेव्हा तिने माझ्या हातून पेन घेतलं आणि स्वतःचा नंबर लिहिला.