पनवेलच्या तळाचा तुकडा

पनवेलच्या खाली तीस किलोमीटरवर काय आहे, हे जाणणारा एकमेव माणूस आपल्यातून गेला, असं शोकसभेत प्राचार्य म्हणाले. आमचे भूशास्त्राचे वसंत केळशीकर स्वतः मात्र जन्मभर म्हणत आले, की आपल्याला ते ठाऊक नाही. त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले...

आपण ज्यावर राहतो तो काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या खूप खाली त्याहून जुनं कवच शाबूत आहे, की वर येता येता तिथेच अडकलेल्या शिलारसाने नवा तळ घडवलाय, हा केळशीकरांचा प्रश्न. तिथवर खणता येत नाही. क्वचित तो रसच वर येताना खालचा तुकडा ओरबाडून आणतो. असा एक तुकडा, नारळाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा, आत गार्नेटचे लाल दाणे, ऐंशीचं दशक सरत असताना जासईकडच्या एका खाणीत मिळाला. मिळाला तो तिथे खडी फोडणाऱ्या बरकूबाईंना. केळशीकर आणि मी पोचलो तोवर तुकडा निघाला तो कडा सुरुंगाने उडवून झाला होता.

"नक्की खडकाच्या आत होता?" केळशीकरांनी विचारलं.

"आतच व्हता. मीच फोडून काढला. बाहेरचा दगड आमी कशाला आणू, सर? हितं काय दगडांचा दुष्काळ हाय?"

केळशीकरांनी शोधनिबंधात हे बरकूबाईंच्या नावानिशी लिहिलं. नियतकालिकाचं उत्तर आलं: मजुराची साक्ष पुरावा धरता येत नाही, लेखकाने तुकडा खडकात स्वतः पाहिला असल्यास तसं नमूद करावं.

"मग लिहा की," मी म्हटलं. "एका वाक्याचा प्रश्न आहे."

"मी पाहिला नाही."

"कोणाला कळणार आहे?"

"बरकूबाईंना."

त्यांना वाचता येत नाही, असं मी म्हणालो. त्यानंतर महिनाभर केळशीकर माझ्याशी बोलले नाहीत.

निबंध छापला गेला नाही. दुसरा तुकडा मिळाला तर साक्षीची गरजच उरणार नाही, म्हणून पुढली सहा वर्षं ते दर रविवारी खाणी धुंडाळत राहिले. हाती लागला तो खोकला. इस्पितळात शेवटचा भेटलो तेव्हा ते वाक्य न लिहिल्याचा पश्चात्ताप होतो का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांना धाप लागली होती. विचारलं नाही, बरं झालं...

परवा महाविद्यालयाच्या संग्रहात गेलो. तुकडा काचेच्या कपाटात आहे. त्यावर केळशीकरांनी चिकटवलेली चिठ्ठी ठरावीक नमुन्यात बसेना, म्हणून काढून टाकलीय. नवी छापील आहे: 'ग्रॅनाइट. स्थळ: अज्ञात. शोधक: प्रा. वसंत केळशीकर.'