यहूदाची तीन पानं

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. निकाल लागला त्या वर्षी ही गोष्ट मी रिक्षावाल्यालासुद्धा सांगत होतो. अभिमान अजूनही आहे, लपवत नाही. पण त्या भरात मी एका नाटकात तीन पानं घातली, तेही सांगायला हवं.

आमच्या चर्चमध्ये दुःखसहन सप्ताहात येशूच्या शेवटच्या दिवसांचं नाटक होतं. त्यात यहूदा, म्हणजे मुका घेऊन प्रभूला धरून देणारा शिष्य, वर्षानुवर्षं माझे पप्पा करायचे. चिकलठाण्याच्या कंपनीत हेल्पर, शाळा चौथीपर्यंत. त्यांच्या यहूदाला मोजून चार वाक्यं. ते स्टेजवर आले की पुढची पोरं ओरडायची आणि एक म्हातारी मावशी दरसाल नेमानं चप्पल उगारायची. नंतर पप्पा चहा वाटायला लागले की तीच म्हणायची, "तुझ्या हातचा नको रं बाबा, तू तर प्रभूलाबी सोडलं नाय!" आणि दोन कप प्यायची.

पप्पांना हे सगळं आवडायचं. मला लाज वाटायची.

हल्लीच्या ख्रिस्ती मालिकांत, नाटकांत यहूदा नुसता दुष्ट नसतो. तो गोंधळलेला असतो, त्याचा प्रभूवर जीव असतो, त्याला फक्त देवाचं राज्य यायची घाई झालेली असते. मी मोबाईलवर असलं बरंच बघितलं आणि ठरवलं, आपल्या लोकांना हा यहूदा कळलाच पाहिजे. त्याला तीन पानांचं स्वगत लिहिलं. त्यात 'अस्तित्व' हा शब्द सहा वेळा होता. चर्चच्या पाळकसाहेबांनी वाचून चष्मा काढला. "चांगलंय. पण जरा लांबलंय ना?"

"माणूस समजून घ्यायला वेळ लागतो, साहेब," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

तिसऱ्या तालमीला पप्पा पहिल्याच 'अस्तित्वा'ला अडखळले. पोरं हसली. पुढचं न ऐकताच मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पप्पा, तुम्ही पडदा सांभाळा. यहूदा मी करतो."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. घरी आईनं विचारलं, तेव्हा तिला मी भूमिकेची गरज समजावून सांगितली.

प्रयोगात पहिलं पान झकास गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर डोकं कोरं झालं. कुणी ओरडेनासुद्धा. मावशी चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. या यहूदावर उगारावी का नाही, तिला ठरवता येईना. तेवढ्यात पडद्याच्या दोरीपासून हळूच आवाज आला, "मी त्याला विकलं नाही, मी त्याला जागं करायला निघालो होतो..."

पप्पा. पुढची ओळही त्यांनीच दिली, तिच्या पुढचीही. उरलेलं दीड पान मी त्यांच्या मागं मागं बोललो, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसा.

चालत घरी निघालो तेव्हा धाकट्या बहिणीनं सांगितलं, "तुझी पानं वाचून मी त्यांना मोबाईलवर रेकॉर्ड करून दिली होती. कंपनीच्या बसमध्ये रोज ऐकायचे. तू त्यांना काढलंस ना, तेव्हा सगळं पाठ होतं त्यांचं."

यावर माणसानं गप्प बसावं. मी विचारलं, "कसं वाटलं पप्पा, लिखाण?"

"चांगलं लिवलं. त्यानं का केलं, कशापायी केलं, समदं हाये. एकच नाय सापडलं."

"काय?"

"पवित्र शास्त्रात तो म्हणतो ना, मी पाप केलं म्हणून. माझ्या चार वाक्यांत शेवटचं तेच व्हतं. तू काढलं."

"ते जरा बाळबोध वाटत होतं."

"व्हय?"

मग मी सुरुवात केली, "पप्पा, त्या दिवशी तालमीत मी जे बोललो, ते प्रयोगाच्या दृष्टीनं बघितलं तर..."

"झालं," बहीण म्हणाली, "याचं चौथं पान सुरू."

तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "चुकलं माझं."

पप्पा थांबले नाहीत, पण चाल कमी केली. "हां. हे घाल पुढच्या साली. आन् यहूदा मी करनार. मावशीला आत्ताच सांगून ठेव."