खुन्नस म्हणून लावलेला बदाम

रस्त्यावर झाड जगवलं म्हणून आसपासच्या बायकांनी इस्त्रीवाल्या मावशीचा सत्कार केला, तेव्हा तिला दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला झाडांची काडीची हौस नाही. हा बदाम मी खुन्नस म्हणून लावलाय." बायका हसल्या, टाळ्या पडल्या, आणि मावशी मोठी विनोदी आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पहिल्या रांगेत झाडामागच्या दुकानाचा मालक, सोफावालाही बसला होता. सगळ्यात जोरात तोच हसला.

आता खुन्नस कसली, ते सांगायलाच हवं. मावशीचं टेबल त्या फुटपाथवर लागलं तेव्हा तिथे पिठाची गिरणी होती आणि तिला चिकटून सायकलवाल्याचं दुकान. गिरणीचं पीठ उडून मावशीच्या कपड्यांवर बसायचं, मावशीची राख उडून गिरणीत जायची, म्हणजे फिट्टंफाट. सगळ्यांच्या डोक्यावर एक जुना करंज होता, अंगाने पसरलेला, भर दुपारी खाली अंधार करणारा. ज्याने कोळशाची इस्त्री कधी हातात धरली नाही त्याला सावलीची किंमत काय कळणार? वरून ऊन, खालून निखारे आणि मधे आपण. तो करंज होता म्हणून ते काम माणसाला जमत होतं.

करंजाच्या बुंध्याला पाठ टेकून एका खोक्यावर मावशीची सासू बसायची. कपड्यांवर पाणी शिंपडायचं, घड्या घालायच्या आणि सुनेला नावं ठेवायची, ही तिची कामं. यातलं शेवटचं ती मन लावून करायची. कॉलर वाकडी झाली, बाहीला दोन घड्या पडल्या, एवढे कोळसे कशाला घातलेस. मावशीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. दिवसभर दोघींची जुंपलेली असायची आणि कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं काम झालं तरी तिथेच रेंगाळायची. मावशीचा नवरा घरोघर गठ्ठे पोचवायचा, तो या कटकटीतून सुटायला जातो असं दोघीही म्हणायच्या. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

मग गिरणी बंद पडली. सायकलवाला लेकीकडे राहायला गेला. मधली भिंत पाडली, समोर काचा लागल्या आणि सोफ्यांचं दुकान आलं. वर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोर्ड, आणि त्यावर लालभडक अक्षरांत मालकाचं आडनाव. पण समोरच्या बाजूने बघितलं तर दिसायची नुसती पानं. करंज आड येत होता ना! एके दिवशी सकाळी टेबल लावताना मावशीला बुंध्याशी, अगदी मातीलगत, गोल भोकं पाडलेली दिसली. ताजा भुसा खाली पडलेला, आत काहीतरी ओतलेलं, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. तिने बादल्यांवर बादल्या ओतल्या, भोकांत चिखल लिंपला. पण झाडाने मान टाकली ती टाकलीच. पानं गळली, फांद्या वाळल्या, मग गाडी घेऊन माणसं आली, झाड धोक्याचं आहे म्हणाली आणि कापून घेऊन गेली. मावशी तक्रार करायला गेली तर तिला विचारलं, भोकं कुठे आहेत दाखवा. बुंधाच नेला होता, आता भोकं काय हवेत दाखवायची?

तो उन्हाळा भयंकर होता. सासूला घरी बस म्हणून सांगितलं, तर ती ऐकेल तर शपथ. ओलं फडकं डोक्यावर टाकून ती आपली खोक्यावर हजर. मी नसले तर तू लोकांचे कपडे जाळशील, म्हणायची. एका दुपारी कुठल्याशा कॉलरवरून सुनेला बोलता बोलता ती घडी केलेल्या शर्टांवर कलंडली. शुद्धीवर आली, पण खाटेवरून पुन्हा उठली नाही आणि उन्हाळा संपायच्या आत गेली. नवरा म्हणाला, वय झालं होतं. मावशीने ते तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. सासू माझी, भांडण आमचं, मधे पडणारा हा सोफावाला कोण, असं तिचं म्हणणं. घरात तिला नावं ठेवायला कुणी उरलं नव्हतं, आणि इस्त्री फिरवताना ती कॉलर सरळ करून उगाचच बाजूला बघायची.

सोफावाल्याच्या तोंडावर जाऊन भांडावं, तर तो सरळ कानांवर हात ठेवणार. त्याच्या काचा फोडाव्यात, तर नवरा बिचारा पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवणार. मावशीने खूप विचार केला आणि एक ठरवलं. या माणसाने जे नाव दिसावं म्हणून झाड मारलं, ते नाव झाडानेच झाकायचं. एकही अक्षर दिसू द्यायचं नाही. मग मरेपर्यंत वाट बघावी लागली तरी बेहत्तर.

बदाम तिने मुद्दाम निवडला. तो भराभर वाढतो, हात पसरल्यासारख्या आडव्या फांद्या टाकतो आणि पानं चांगली ताटाएवढी. डब्यात रोप केलं, गुडघ्याएवढं झाल्यावर फुटपाथची एक फरशी उचकटून दुकानासमोर लावलं. आता प्रश्न राखणीचा. एकदा विष घालणारा दुसऱ्यांदा घालणार नाही कशावरून? इथे मावशीने डोकं चालवलं. झाडंबिडं लावणाऱ्या बायकांचा एक गट होता, त्यांना तिने गाठलं. त्यांनी लोखंडी जाळी मिळवायचं मनावर घेतलं आणि ती कुणाकडे मागितली असेल? सोफावाल्याकडेच. जाळीवर दुकानाची जाहिरात लावू म्हटल्यावर गडी खूश. स्वतःच्या बोर्डाचा वैरी त्याने स्वतःच्या पैशाने जाळीत घालून सांभाळला, फोटोसुद्धा काढून घेतला. त्या दिवशी मावशी दोन घास जास्त जेवली.

पुढची वर्षं तिने त्या झाडाच्या मागे हात धुऊन लागून काढली. फांदी रस्त्याकडे वळायला लागली की जुन्या नाड्या बांधून, विटा लटकवून ती बोर्डाकडे ओढून घ्यायची. शेंडा वर पळायला लागला की खुडायची, म्हणजे झाड बोर्डाच्याच उंचीवर रुंद होईल. नवरा म्हणायचा, "अगं, सोड आता. किती दिवस जीव जाळशील?" ती म्हणायची, "अहो, माझा जीव आहे. मी जाळीन नाहीतर पुरीन." तो गठ्ठा उचलून निघून जायचा.

रस्ता तोवर ओळखू येईना झाला. फोटो स्टुडिओ गेला, तिथे मोबाइलचं दुकान आलं. बंगले पाडून तिथे मजले चढले. लोक कोळशाची इस्त्री बघायला थांबायला लागले, जशी काही ती जत्रेतली चीज आहे. बदाम मात्र सांगितलेलं ऐकत होता. आडनावाचं पहिलं अक्षर गेलं, दुसरं गेलं. मावशी रोज सकाळी समोरच्या फुटपाथवर जाऊन बघून यायची. आता सोफावाला येईल, तणतणेल, आणि मग आपण त्याला एकेक शब्द सुनवू, असं तिच्या मनात होतं. काय सुनवायचं ते तिने इस्त्री फिरवता फिरवता घोकून ठेवलं होतं. पण तो येईना. गाडीतून उतरायचा, कानाला फोन लावून आत जायचा. एकदा तर "काय मावशी, बरं आहे ना?" असं विचारून गेला. तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटचं एक अक्षर उरलं होतं, त्याच्या अलीकडे एक कोवळी फांदी येऊन टेकली होती, आणि एका दुपारी मावशीने मान वर केली तर बोर्डाला शिडी लागलेली. दोन माणसं वर चढून स्क्रू काढत होती. ती टेबल सोडून धावली.

"बोर्ड काढू नका," ती म्हणाली.

सोफावाला बदामाखाली कट्ट्यावर बसला होता. सोफ्याच्या दुकानात बसायला एक सोफा उरला नव्हता. आत काचा उतरवायचं काम चाललं होतं आणि तो टेम्पोची वाट बघत होता. मावशीला वाईट वाटतंय असं समजून त्याने तिची समजूत घातली. लोक हल्ली घरबसल्या फोनवरून सोफे मागवतात, धंद्यात राम राहिला नाही, दुकान बंद करतोय, आता बोर्ड ठेवून काय करू?

"एक महिना राहू द्या. अजून एक अक्षर दिसतंय."

त्याला काही कळलं नाही. मग तिने त्याला सगळं सांगितलं. भोकं, करंज, सासू, नाड्या, विटा. घोकलेलं काही आठवलं नाही, जे आलं ते बोलत सुटली. शिडीवरची माणसं हात थांबवून ऐकत राहिली. सोफावाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं.

"इथे झाड होतं का आधी?" तो म्हणाला. "असेल. बोर्डवाला म्हणाला असेल आड येतंय, मी म्हटलं असेन बघून घ्या. नवीन दुकान, शंभर भानगडी होत्या मागे." मग त्याने वर बघितलं आणि रुमालाने मान पुसली. "पण तुमचा हा बदाम मस्त झालाय हो. सावली काय गार आहे."

इतकी वर्षं मावशी ज्याच्यावर दात धरून होती, त्याच्या गावीही नव्हतं. त्याने शिव्या घातल्या असत्या, अंगावर धावून आला असता तरी तिला चाललं असतं.

"उठा," ती म्हणाली.

"काय?"

"या सावलीत तुम्ही बसायचं नाही. बाकी कुणीही बसा. कुत्रं बसलं तरी चालेल. तुम्ही नाही. उठा."

तो उठला. बाजूला सरकला. तिने हातानेच आणखी पलीकडे व्हायची खूण केली, तसा तो जिथे सावली संपत होती तिथून पुढे जाऊन फरशीवर उन्हात उभा राहिला. मावशी टेबलाशी परत आली, निखारे फुलवले आणि शर्ट घेतला.

टेम्पोला फार उशीर झाला. सोफावाल्याचा सदरा पाठीला चिकटला, तो या पायावरून त्या पायावर होत राहिला, एकदा पाऊल सावलीकडे वळलं तशी मावशीने इस्त्री उभी ठेवून त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो पुन्हा जागेवर गेला. ती कॉलरींवर इस्त्री फिरवत होती आणि त्याला बघत होती, पोट भरेपर्यंत.