बाबांच्या हाडांसाठी जागा

आमच्या गास गावच्या दफनभूमीत कबर कायमची मिळत नाही. जागा थोडी, माणसे जास्त. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडे काढतात आणि तिथे नवे माणूस निजते. हाडांसाठी भिंतीत कोनाडे आहेत. कोनाडा नसेल त्याची हाडे मागच्या सामायिक खड्ड्यात जातात. हे मला लहानपणापासून माहीत होते. बाबांचेही तसेच होणार, हे मात्र चर्चमधून कबर उघडण्याचा निरोप येईपर्यंत कधी मनात आले नव्हते.

त्याच आठवड्यात मी कॉलेजात निबंध वाचला होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि विषय घेतला तत्त्वज्ञान. हिब्रू शास्त्रांत, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, शरीर आणि आत्मा कसे निर्माण होतात, यावर मी भीतभीत लिहिले होते. देवाने आत्मा वेगळा घडवून शरीरात ठेवला, असे तिथे मला कुठे सापडले नाही. देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि ती मातीच जिवंत होते. सर म्हणाले, "बरं आहे, पण जरा ठामपणे लिहीत जा."

कोनाडे सगळे भरले होते. खड्ड्याचे नाव काढताच आय रडू लागली. समजूत घालायला फादर घरी आले. "अहो, आत्मा केव्हाच देवाघरी गेला," ते म्हणाले. "राहिली ती नुसती हाडं." आयने डोळे पुसले आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला. तेवढ्यावर सगळे मिटले असते. पण मला वाटले, खरे काय ते सांगायला हवे.

"आय, जुन्या करारात तसं नाही," मी म्हटले.

"मग कसं हाय?"

मी सांगितले. माती, श्वास, सगळे.

"म्हंजे आत्मा वेगळा काढून नेलेला नाय?"

"तसं थेट म्हणता येत नाही. माणूस म्हणजे ते शरीरच, असं एका अर्थी..."

"मग तुझे बाबा त्या हाडांतच हायत. झालं. मी त्यांना खड्ड्यात टाकू देनार नाय."

फादरांनी कप खाली ठेवला. "कॉलेजात काय विषय घेतलायस, बाय?" त्यांनी अगदी हळू विचारले.

बातमी कुंपणापलीकडे गेली आणि संध्याकाळी काकू आली. काकू म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. बावखलातून, म्हणजे सामायिक तळ्यातून, वाडीला पाणी कोणी कधी घ्यायचे, यावरून दोघे भाऊ अकरा वर्षे बोलले नव्हते. काका आधी गेले. त्यांच्या मातीला बाबा आले, पण फाटकाशीच उभे राहिले.

"आमच्या कोनाड्यात जागा हाय," काकू म्हणाली. "हाडांच्या दोन पिशव्या बसतात."

"त्यांच्याबरोबर?" आय म्हणाली.

"मग काय, तुला बंगला पायजे?"

काकू गेल्यावर आयने मला समोर बसवले. "बाजूला कोन हाय ते यांना कळेल?"

"श्वासाशिवाय मातीला काही कळत नाही." या वेळी मी ठामपणे सांगितले.

"मग भांडनार नायत."

"नाही."

"आनि शेवटच्या दिवशी, सगळे मेलेले उठतील तेव्हा?"

मग मी तिला जुन्या करारातल्या एका संदेष्ट्याचा दृष्टान्त सांगितला. सुक्या हाडांनी भरलेले खोरे. हाड आपापल्या हाडाला जाऊन जुळते, वर स्नायू, मांस, त्वचा चढते, आणि शेवटी श्वास येतो. देवाच्या हातून अदलाबदल होत नाही, म्हणजे खड्ड्यातही काही बिघडणार नाही, हे मला सुचवायचे होते.

"देवाला सापडतील गं," आय म्हणाली. "मला कशी सापडतील? मी मेनबत्ती कुठं लावू?"

मी निबंधाची वही बाजूला ठेवली.

तिसऱ्या दिवशी आय कुंपणापाशी जाऊन म्हणाली, "वयनी, शनिवारी काढनार हायत. कोनाड्याची चावी घेऊन ये."

शनिवारी सकाळी कबर उघडली. खणणाऱ्याने एकेक हाड झाडून आयच्या हातात दिले आणि आयने ते पांढऱ्या पिशवीत ठेवले. एक लांब हाड मीही हातात घेतले. ते सुक्या फांदीसारखे हलके होते. ते मातीच आहे की बाबा, हे मला ठामपणे सांगता आले नसते. कोणी विचारलेही नाही.

काकूने कोनाड्याचे दार उघडले आणि काकांची पिशवी डावीकडे सरकवली. "सरका जरा," तिने त्यांना सांगितले. आयने बाबांची पिशवी आत ठेवली. दोन्ही पिशव्या एकमेकींना टेकल्या. टेकल्याशिवाय बसणारच नव्हत्या. आयने मेणबत्ती लावली, पदर सावरला आणि आत वाकून म्हणाली, "अहो, आधी उठलात तर भावाला हाक मारा."

"मारू दे," काकू म्हणाली. "आमचे काय पयल्या हाकेला उठनारे नव्हेत."