हाक आल्याशिवाय अंगणात नाही

नेकनूरला भाचीच्या लग्नानंतर आम्ही उरलेली बुंदी वाटत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या दत्ताचा फोन आला. "काकू, तुमी निघा. अक्का... तुमी या अगुदर." एवढ्यावरच मी समजले. बीडहून माजलगावची गाडी, पुढे वस्तीपर्यंत कुणाच्या तरी मोटारसायकलवर, अशी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळ्या घरांत लाईट होती, आमच्याच घरात माणसं मोबाइलच्या उजेडात बसलेली. कुणी वायरमनला फोन लावत होतं. मी ओसरीवरचा मेन वर केला आणि घर उजळलं. दुपारी वारं उठलं होतं म्हणे. अक्कांनी मेन पाडला, पाण्याच्या टाकीवर झाकण घालून वर दगड ठेवला आणि बाजेवर आडव्या झाल्या. त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा दीर सहकारी साखर कारखान्यात फिटर, घर माणसांनी भरलेलं, आणि अक्कांचा सगळ्यांवर धाक. वैशाखात आभाळाचा एक कोपरा पिवळट झाला, की त्यांच्या अंगात यायचं. लाईट गेली की बोअर बंद, चक्की बंद. म्हणून आधी पाणी, मग दळण. घागरी, पातेली, पोरांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरायच्या. सोसायटीत रॉकेल मिळायचं तोवर कंदील पुसून तयार, पुढे बॅटऱ्या. कपडे दोरीवरच वाळायचे. तार बांधलेली दिसली की बांधणाऱ्याची सात पिढ्यांपासून उजळणी व्हायची. मी अंगणवाडीत शिकवायचे, चार पुस्तकं वाचलेली, तेव्हा मला हसू यायचं. लढाईला निघाल्यासारख्या दिसायच्या हो अक्का, कमरेला पदर खोचून!

मग तो दुष्काळ आला. धरणाचा तळ उघडा पडला, शिवारात ऊस नाही, कारखान्याचं धुराडं थंड. दीर घरी बसून होते. एका संध्याकाळी वारं सुटलं. "मेलं नुसतं वारंच, पान्याचा थेंब न्हाई," अक्का पुटपुटल्या. लाईट गेली. अंधारात गोठ्यावरचा पत्रा वाजला आणि दीर तो बघायला बाहेर पडले. ते मागच्या खोलीत असतील असं आम्हाला प्रत्येकाला वाटलं. खांबावरची तार तुटून अंगणात पडली होती, आणि तिच्यात अजून लाईट होती... कंदील घेऊन बाहेर जाईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर अक्कांनी नवा नियम काढला. वारं सुटलं की मेन पाडायचा, सगळ्यांनी पायात रबरी चप्पल घालून ओसरीवर बसायचं, आणि अक्का एकेकाचं नाव घ्यायच्या. ज्यानं त्यानं "हाय" म्हणायचं. वारं पडल्यावर पुन्हा तसंच. मग त्या दारातूनच बॅटरी मारून तारा बघायच्या आणि तेव्हा कुठे अंगणात पाय ठेवायची परवानगी. पहिल्या वेळेला सगळी नावं संपल्यावर त्या जरा थांबल्या होत्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही.

वर्षं गेली तशी नावं कमी होत गेली. सासू-सासरे गेले, माझे मालक गेले. अक्कांचा बाळू पुण्याला नोकरीला लागला. मला मूल नाही. शेवटी ओसरीवर आम्ही दोघीच. मी अगदी समोर बसलेली असायचे, तरी खणखणीत हाक यायची, "शशे!"

"अहो अक्का, दिसतेय की मी तुमाला."

"दिसतीस गं. आवाज दे."

मग मी "हाय" म्हणायचे, जरा चिडूनच. राहून राहून मनात येतं, त्या दुपारी त्यांनी मला हाक मारली असेल का? मी नेकनूरला आहे हे माहीत असून? मारलीच असेल. त्यांचं मेन पाडणं हाकेशिवाय पुरं होत नव्हतं.

चौदावा झाल्यावर बाळू म्हणाला, काकू, एकट्या राहू नका, पुण्याला चला. मी म्हटलं, एक वारं एकटीनं काढून बघते, मग ठरवू. ते गेल्या आठवड्यात आलं. दुपारीच मी टाकी भरली, दळण आणलं, मोबाइल चार्ज केला. मेन पाडला, चप्पल घातली, ओसरीवर बसले. पत्रे थडथडले, बाभळीची फांदी मोडली, धुळीनं तोंड भरलं. मला भीती वाटली नाही. काहीही चुकलं नव्हतं. वारं पडलं तशी गोठ्याकडे बघायला उठले आणि उंबऱ्यावर पाय अडला.

तेवढ्यात बाळूचा फोन. "काकू, बरं हाय ना समदं?"

"समदं बरं हाय."

"मग तितंच ऱ्हानार?"

"ऱ्हाते. पण वारं सुटलं की फोन करून माझं नाव घेत जा बाळू. नुसतं नाव."

तो हसला. "काय बी काकू! तुमचं नाव मी कसं घिऊ?"

त्याचं खरंच आहे. मी वस्तीत सगळ्यांची काकू, मामी, अंगणवाडीच्या बाई. शशी म्हणणारी माहेरची थोरली माणसं तर कधीच गेली. शशे म्हणणारं एकच माणूस उरलं होतं. फोन ठेवून मी दारातूनच बॅटरी मारली. तारा जागच्या जागी होत्या. पुन्हा एकदा मारून पाहिली. अंगण कोरडं होतं, वारं कधीच पडलं होतं. तरी त्या संध्याकाळी मी अंगणात उतरले नाही.